लसणावरचा पाला

२ ऑक्टोबर

रात्री पहिल्यांदा गोठलं. सकाळी भोपळ्याचे वेल उकडलेल्या पालेभाजीसारखे काळे पडून लोळत होते. उपटून ढिगावर टाकले. गाजरं निम्मी काढली. वाकडीतिकडी आहेत, पण यंदा उंदरांनी सोडली हेच खूप. उद्या बीट. गुडघे म्हणतात बसून राहा, मी त्यांना म्हणते गप्प बसा.

महिनाअखेरपर्यंत बाग आवरायची आणि शहरातल्या खोलीत जाऊन बसायचं. दर वर्षी या दिवसांत माझं डोकं फिरलेलं असतं, यंदा जरा जास्तच. मागच्या हिवाळ्यात बागेतल्या या घरात कुणीतरी राहून गेलं. एप्रिलमध्ये आले तर तळघरातल्या अर्ध्या बरण्या रिकाम्या. मिरची-टोमॅटोचं लेचो एकूण एक फस्त. ऑगस्टभर मी घाम पुसत चुलीशी उभी राहिले ती काय या नालायकासाठी? मुरवलेल्या मशरूमना मात्र त्यानं हात लावला नव्हता. चोराला आवडनिवड! कुलूपही तोडलं नाही. किल्ली पिंपामागच्या फळीखाली असते, आर्सेनी होता तेव्हापासून. तिथवर याचं नाक पोचलं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण त्यानं भिंतीवरचा आर्सेनीचा फोटो नेला. माझ्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन याला काय करायचं होतं? चौकट विकून दारू प्याला असणार. त्या खिळ्याकडे बघितलं की अजून अंगाची आग होते.

तीस वर्षं ट्रामवर कंडक्टर होते मी. फुकट्या माणसाचा चेहरा मला तीन बाकांवरून कळायचा.

५ ऑक्टोबर

बीट काढलं. दुपारी प्रोखोरिच आला. आमच्या बागवस्तीचा राखणदार. आम्ही सगळे शहरात गेलो की हिवाळाभर फाटकाजवळच्या चौकीत हा आणि त्याची कुत्री पाल्मा, दोघंच. दर वर्षी मी त्याला बटाट्याचं एक पोतं देते, त्या वासावर आला होता.

"बटाटे यंदा चांगले लागलेत म्हणे."

"लागलेत. माझ्यापुरते."

तो पायरीवर बसला. मी चहा विचारला नाही.

"प्रोखोरिच, माझ्या घरात हिवाळाभर कुणी राहतो, चूल पेटवतो, आणि तुम्हाला धूर दिसत नाही?"

त्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "दिसतो कधीमधी धूर. कुणाचा, कुणास ठाऊक."

"आणि ही तुमची पाल्मा? तिचं तोंड शिवलं होतं का?"

"पाल्मा वाईट माणसावरच भुंकते."

"वा! म्हणजे माझा चोर देवमाणूस!"

"तसं नाही, रिम्मा अर्काद्येव्ना. येते एखाद्यावर वेळ. घराची मोडतोड तर नाही ना केली त्यानं? बरण्या धुऊन कुंपणाच्या खुंटांवर उलट्या घातल्या होत्या. लाकडं फोडून रचून ठेवली होती. ते नाही सांगत तुम्ही कुणाला."

"माझीच लाकडं! आणि बरण्यांचं तुम्हाला बरं ठाऊक!"

उठता उठता विचारतो कसा, "वादिकचा फोन येतो का?"

"माझा मुलगा मला फोन करतो की नाही, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. लहानपणी चौकीत येऊन बसायचा, म्हणून आपलं विचारलं."

रिकाम्या हातानं गेला. याला चोराकडून वाटा मिळतो, दुसरं काय? धुराबद्दल बोलताना त्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. यंदा बटाटा मिळायचा नाही म्हणावं.

९ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. फक्त शेपूचं बी काढलं आणि कांद्याच्या वेण्या घातल्या.

शेजारचा वालेरी इग्नात्यिच कुंपणावरून डोकावला. त्याच्याकडे सगळ्यावर उपाय असतो, मुंग्यांवर, पोस्टातल्या बाईवर, सरकारवर.

"शेजारीणबाई, पाहुण्यासाठी बाटली ठेवली का नाही अजून?"

"कसली बाटली?"

"व्होडकाची. टेबलावर मधोमध ठेवायची. बाजूला पेला, पावाचा तुकडा. पाहुणा येतो, बसतो, पितो. पुढच्या हिवाळ्यात काही येत नाही." आणि डोळा मारला.

मला कळायला वेळ लागला. त्या बाटलीत काहीतरी घातलेलं असणार. "अहो, माणूस आहे तो!"

"मग फोटो का नेला माणसानं? आणि मरत नाही हो कुणी. पोट धरून दोन दिवस लोळेल, जन्मात वाट वाकडी करणार नाही. निम्मी वस्ती ठेवते, बोलत कुणी नाही. मी तीन वर्षं ठेवतोय."

"आणि?"

"माझ्याकडे अजून कुणी आलंच नाही."

मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. नको म्हणून सांगितलं.

१४ ऑक्टोबर

आज पोक्रोव. बर्फानं जमीन झाकायचा सण, पण बर्फाचा पत्ता नाही, नुसती कोरडी थंडी. लसूण लावला. दोन वाफे, पाकळ्या बोटभर खोल, आर्सेनी लावायचा तसाच. थंडीत पेरायचा आणि वसंतात आपण आहोत की नाही हे त्यानं वर येऊन बघायचं, असं आर्सेनी म्हणायचा. तोच गेला.

लावून उठते तोच वादिकचा फोन. दोन महिन्यांनी. उत्तरेकडचं बांधकाम महिनाअखेर बंद होतंय म्हणे.

"मग राहणार कुठे?"

"आहे एक जागा. ऊब आहे. मागच्या वर्षीही तिथेच होतो. काळजी करू नकोस."

"कुणाकडे?"

"चांगल्या माणसांत आहे, आई." मग म्हणाला, "आई, मला तुला एक सांगायचंय. मी आता—"

"प्यायलायस का?"

"नाही. तेच तर—"

"सगळे असंच म्हणतात," म्हटलं, आणि फोन ठेवला.

बापाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला हा झिंगून आला होता, उभ्या पाहुण्यांसमोर टेबलावर कोसळला. तेव्हा मी म्हटलं, प्यायचं सोडशील तेव्हाच तोंड दाखव. ते मी मागे घेणार नाही. पण आज "घरी ये" असं जिभेच्या टोकावर आलं होतं. आलं आणि परत गेलं. कुणाच्या तरी उबेत आहे, तेवढं समाधान.

१८ ऑक्टोबर

कोबी कापला. थंडीनं गोड झालाय. शहरात नेऊन आंबवायला चार गड्डे ठेवले, बाकीचे तळघरात. बरण्याही लावल्या. सगळ्या बसमधून नेणं या गुडघ्यांना जमत नाही, म्हणून तर त्या इथे राहतात आणि चोराचं फावतं.

लावता लावता लेचोच्या सहा बरण्या वेगळ्या काढून ठेवल्या. मग कळलं, या वादिकच्या. जुनी सवय. लेचो दिसलं की पोरगा जेवणावर यायचा. आणि मशरूम नुसते ताटाजवळ आणले तरी टेबल सोडून पळायचा. सात वर्षांचा असताना त्यातून विषबाधा झाली होती, तेव्हापासून आजतागायत तोंडाला लावले नाहीत. दवाखान्यात रात्रभर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

बरण्या परत रांगेत लावल्या. तळघराचं झाकण बंद करताना वाटलं, हे सगळं त्या फोटोचोराच्या घशात जाणार. माझ्या पोराच्या वाटणीचं. तिथे उभ्या उभ्या मला रडू फुटलं, रागानं.

संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन वालेरीला म्हटलं, आणा तुमची बाटली.

२० ऑक्टोबर

लसणावर वाळक्या पाल्याचा जाड थर दिला, वर झाडाच्या फांद्या. आर्सेनी असता तर भांडला असता. पाल्याखाली उंदीर येतात म्हणून त्यानं कधी घालू दिला नाही. पण बर्फ पडत नाही आणि जमीन दगडासारखी होत चाललीय. मी माझ्या मनानं घातला. आता कुणाला विचारायचं?

२२ ऑक्टोबर

वालेरीनं बाटली आणली. दुकानातल्यासारखी दिसते, झाकणसुद्धा नीट बसवलंय. त्यात काय आहे ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "प्रोखोरिचला बोलू नका," म्हणाला. "लगेच जाऊन चोराला सांगेल."

"पोटच दुखेल ना फक्त?"

"अहो हो. आणि जास्त प्याला तर त्याचा हावरटपणा. आपण थोडंच ओततोय त्याच्या घशात?"

कपाटात पिठामागे ठेवली. दिवसातून तीनदा जाऊन बघितली. संध्याकाळी मोरीत ओतून द्यावी म्हणून बाहेरही काढली. मग भिंतीवरचा खिळा दिसला.

२६ ऑक्टोबर

बाग आवरली. पिंपं रिकामी करून पालथी घातली. रास्पबेरीचे दांडे वाकवून जमिनीशी बांधले. बटाट्याचा वाळला पाला जाळला. फावडं, कुदळ, खुरपी तेलानं पुसून पडवीत टांगली. वाफे उघडेबोडके दिसतात. फक्त लसणाचे दोन झाकलेले, कुणी पांघरूण घेऊन निजल्यासारखे.

नंतर टेबल पुसलं. मधोमध बाटली, पेला, वाळवलेला पाव, मीठ. चिठ्ठी लिहायची होती, "हे घे आणि बाकीचं सोड". लिहिली आणि फाडली. चोराला काय चिठ्ठ्या लिहायच्या? किल्ली फळीखाली. ती तिथून हलवायला हवी हे मला कळतं. पण मग तो खिडकी फोडणार, आणि बाटलीचा उपयोग काय? असा विचार मी, रिम्मा, केला. लिहून ठेवते.

फाटकाशी प्रोखोरिचनं माझ्या हातातल्या पिशव्या न विचारता घेतल्या आणि बसच्या थांब्यापर्यंत आणल्या. धापा टाकत होता. म्हातारा झाला.

"लाल फळं फार लगडलीत यंदा. हिवाळा कडक जाणार," म्हणाला. "घराकडे बघीन मी. निश्चिंत जा."

"बघालच तुम्ही."

"बटाट्याचं मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे आहेत थोडे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं असं वाटलं, घरात बाटली आहे, ती कुणाला पिऊ देऊ नका. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बस आली. यंदाची शेवटची, आता एप्रिलपर्यंत नाही. त्यानं पिशव्या चढवून दिल्या. पाल्मा शेपटी हलवत बसमागे धावली.

२ नोव्हेंबर

कोबी आंबायला लागलाय, खोलीभर वास. झोप येत नाही. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक भणंग माणसाकडे बघते, हाच का तो? ट्रामच्या थांब्यावर एक जण पोट धरून बसला होता, तर माझा जीव घाबराघुबरा झाला. भूक लागली होती त्याला. पाव घेऊन दिला.

वालेरीला फोन करून विचारलं, त्यात आहे काय? "झोपा, शेजारीणबाई," म्हणाला.

८ नोव्हेंबर

आज बरं वाटतंय. वादिकचा फोन आला, स्वतःहून! ओळखीचा नंबर नव्हता. "उसन्या फोनवरून बोलतोय," म्हणाला. आवाज स्वच्छ होता. तीस वर्षं प्यालेल्यांना ट्राममधून उतरवलंय, मला आवाजावरून कळतं. प्यालेला नव्हता. मी या वेळी तोंड आवरलं आणि त्याला बोलू दिलं.

मे महिन्यापासून थेंब घेतला नाही म्हणाला. वर्ष पूर्ण झालं की दारात उभा राहणार होता, पण राहवलं नाही. मी म्हटलं, "वर्षाची कसली वाट बघतोस? ये." दोघंही रडलो. मागे कुठलंसं कुत्रं भुंकत होतं, त्याला तो "गप गं" म्हणाला. हल्ली राखणदारीचं काम करतो की काय, विचारायचं राहिलं. जेवतोस का विचारलं, तर म्हणे राजासारखा जेवतो. रविवारी येतो म्हणाला. रविवार परवाच! पिठाच्या पोळ्या करीन, कोबी घालून.

ठेवता ठेवता म्हणाला, "आई, लसणावर पाला घातलास ते बरं केलंस. बर्फ अजून पातळ आहे, उघडा असता तर गेला असता." बापासारखंच बागेत लक्ष आहे त्याचं. पोरगा सुधारला की—

पाला घातला हे मी त्याला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

किल्ली. लेचो. मशरूम. बरण्या खुंटांवर उलट्या, आर्सेनी घालायचा तशा. बापाचा फोटो कोण नेईल? बापाचा फोटो मुलगा नेतो. देवा, मी किती मूर्ख आहे.

त्या नंबरवर फोन करतेय. वाजत राहतो. कुणी उचलत नाही. परत केला. परत. आजची गाडी गेली. पहिली गाडी सकाळी सहाला. वादिक, हात लावू नकोस रे. सहा महिने प्यायला नाहीस, आणखी एक रात्र पिऊ नकोस.

९ नोव्हेंबर

घरात बसून लिहितेय, बागेतल्या घरात, त्याच टेबलाशी. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय.

स्टेशनपासून बर्फातून चालत आले. दोनदा पडले. फाटकापाशी वाट झाडलेली नव्हती. पाल्मा चौकीच्या दाराशी बसली होती. भुंकली नाही, माझ्याकडे आली आणि परत दाराशी जाऊन बसली. आळशी म्हातारा अजून उठला नाही, चूलसुद्धा पेटवली नाही, एवढंच माझ्या मनात आलं. थांबले नाही. कारण पुढे आमच्या धुराड्यातून धूर येताना दिसला. सरळ वर जाणारा, ताज्या लाकडाचा. मी धावले. या गुडघ्यांनी.

वादिकनं दार उघडलं. उभा होता. आर्सेनीचे नमद्याचे बूट पायात, दाढी केलेली, हातात बटाटा सोलायची सुरी. मी त्याला धरलं ते सोडलंच नाही. "आई, हळू, सुरी आहे," म्हणतोय आणि हसतोय. जिवंत होता. भिंतीवर आर्सेनीचा फोटो परत खिळ्याला होता. "कामावर सोबत नेला होता," म्हणाला. "रागावू नकोस. चौकट तुटली होती, नवी केलीय."

मग मी टेबलाकडे बघितलं. पेला होता. पाव नव्हता. बाटली नव्हती.

"बाटली कुठे आहे?"

"झालं! आल्या आल्या तपासणी!" पण रागावला नाही. स्टुलावर बसला. "नाही प्यायलो, आई. आलो त्या दिवशी पाहिली. तिच्याकडे पाठ करून जेवायचो. तीन दिवस मी आणि ती, एका खोलीत. ओतून द्यायचं धाडस होईना, वास आला असता तर संपलोच असतो. काल चौकीतून तुला फोन केला ना, मन इतकं मोकळं झालं. म्हटलं आता ही घरात नकोच. नेऊन प्रोखोरिचला दिली."

मी खिडकीतून फाटकाकडे बघितलं.

"त्यानंच मला दोन्ही हिवाळे सांभाळलं. कुणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही, मी शपथ घातली होती म्हणून. म्हटलं, आईनं ठेवलीय, तुमच्यासाठीच ठेवली असणार. तर त्याला खरंच वाटेना. 'रिम्मा अर्काद्येव्नानं? माझ्यासाठी?' दोनदा विचारलं. डोळे भरले गं त्याचे. म्हणाला, बटाट्यावरून मला वाटलं होतं, रागावल्यात माझ्यावर."

चहा टाकला त्यानं. तीन पेले मांडले. "थांब, त्यालाही बोलावून आणतो," म्हणाला. "तुला बघून खूश होईल. सकाळपासून दिसला नाही, झोपला असेल म्हातारा. काल त्याची चंगळ झाली ना."

टोपी घालून बाहेर पडला. मला त्याला थांबवायचं होतं. मीच जायला हवं होतं, मी, एकटीनं. पण मी बसूनच राहिले आणि दार लागलं.

त्यानं ती आपल्या हातानं नेऊन दिली. माझ्या नावानं दिली. हे मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? सांगितलं तर तो आज रात्रीच पुन्हा प्यायला लागणार. नाही सांगितलं तर?

खिडकीतून बाग दिसते. लसणाच्या वाफ्यांवर बर्फ पडलाय, पातळ. पलीकडे फाटक. पाल्मा रडतेय, इथपर्यंत ऐकू येतं. वादिक परत येतोय, पळत. त्याच्या डोक्यावर टोपी नाही.